बारा लाख लिटरांची गळती

आमच्या पाणी खात्यात त्याला सगळे शंकासुर म्हणत. अर्थात त्याच्या मागे. तोंडावर तो चावीकाका. खांद्यावर चार फुटी लोखंडी चावी टाकून एकतीस वर्षं तो गावभर हिंडला. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची, वॉल्व फिरवायचा, की त्या गल्लीच्या नळांना पाणी. मग घड्याळ बघून बंद करायचं आणि पुढची गल्ली. अख्ख्या गावाची आंघोळ आणि स्वयंपाक त्याच्या मनगटावर अवलंबून.

शंकासुर हे नाव मात्र मी पाडलं, ते मला कबूल केलं पाहिजे. मी त्याच खात्यात मीटर मिस्त्री. लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर उघडायचे, साफ करायचे, आमच्या शेडमधल्या टाकीवर तपासायचे आणि परत पाठवायचे. मी दुरुस्त केलेला मीटरसुद्धा तो कानाला लावून बघायचा. डॉक्टरांनी गोळी दिली तर विचारायचा, "ही आजारासाठी की सवयीसाठी?" त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, सांगायची की लग्नाच्या फोटोतसुद्धा हे फोटोग्राफरकडे असे बघताहेत, जणू तो कॅमेरा घेऊन पळणार आहे. मी तो फोटो पाहिलाय. ती अतिशयोक्ती नाही.

त्याच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं तेव्हा टेकडीपलीकडच्या बंद काच कारखान्याच्या जागेवर डेटा सेंटर येणार असं जाहीर झालं. नुसती एक इमारत नाही, चार मोठ्या शेड, वीज केंद्र, पहारा, बाग, सगळं मिळून एक वसाहतच. लोकांच्या फोनमधले फोटो, बँकांचे व्यवहार, सिनेमे, सगळं म्हणे त्या शेडमधल्या यंत्रांत राहणार. यंत्रं दिवसरात्र तापणार आणि ती थंड ठेवायला पाणी लागणार. हे शेवटचं वाक्य कंपनीच्या पत्रकात बारीक अक्षरात होतं. शंकासुराने तेवढंच वाचलं.

कंपनीने मुख्य रस्त्यावर एक माहिती केंद्र उघडलं आणि तिथे स्वागताला आठ-दहा मुलाखतींतून कोणाला निवडलं, तर याच्याच लेकीला. पोरगी हुशार, बोलकी, दोन वर्षं नोकरी शोधून कंटाळलेली. वहिनीला आनंद झाला. याने विचारलं, "तुलाच का?"

"म्हणजे? मी चांगली नाही?"

"चांगली आहेस. पण पाणी सोडणाऱ्याची मुलगी आहेस, हे त्यांना माहीत होतं का?"

पोरगी दोन दिवस बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं ते केंद्र बघायला गेलो. आत थंडगार. मधोमध काचेखाली अख्ख्या वसाहतीची प्रतिकृती. नखाएवढी झाडं, त्यांच्याखाली नखाएवढी माणसं, आणि चार पांढऱ्या शेड. सगळ्या माणसांचे चेहरे हसरे असावेत असं वाटत होतं, पण ते दिसण्याइतके मोठे नव्हते. लेकीने आम्हाला इतर पाहुण्यांसारखंच "या, नमस्कार" केलं आणि हसू दाबलं. तेवढ्यात कंपनीचा जनसंपर्क अधिकारी आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, हात हातात घेऊन बोलणारा. बाहेर पडल्यावर शंकासुराने त्याला नाव ठेवलं, 'गुळगुळीत', आणि पुढे आम्ही त्याला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही.

"तुमच्या पिण्याच्या पाण्यातला एक थेंबसुद्धा आम्ही घेणार नाही," गुळगुळीत म्हणाला. "गावाचं सांडपाणी शुद्ध करून तेच वापरणार. उलट तुमचाच फायदा."

"सांडपाण्याचं केंद्र बघितलंत का तुम्ही?"

"हो, भेट दिली आहे."

"पंप किती चालू होते?"

गुळगुळीत हसला. "ते तांत्रिक पथक बघतं, काका."

सांडपाण्याच्या केंद्रात चार पंप आणि त्यातले दोन कायम आजारी. हे आम्हा दोघांना माहीत होतं, कारण त्यांचे मीटर माझ्याकडेच येतात. रस्त्यावर आल्यावर तो म्हणाला, "अर्धं पाणी तिथून येईल. उरलेलं अर्धं कुठून?" मी म्हटलं, कंपनी मोठी आहे, करतील काहीतरी. तो म्हणाला, "तेच तर म्हणतोय मी. काहीतरी करतील."

त्यानंतर महिन्याभराने वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याने आठ दिवसांची रजा घेतली. रजेवरून आला तर टेकडीच्या रस्त्यावर, त्याच्या मुख्य लाइनवर, एक नवं कोरं चेंबर. झाकणाला कुलूप. त्याची चावी तिथे चालेना.

माणसाच्या घरात त्याच्या गैरहजेरीत कोणी दार पाडावं, तसं त्याला झालं. तडक साहेबांकडे गेला. साहेब म्हणजे आमचे कनिष्ठ अभियंता. माणूस वाईट नाही, पण वरून फोन आला की खुर्चीतच उभा राहणारा.

"साहेब, माझ्या लाइनला फाटा मारलाय."

"भविष्यातली तरतूद आहे ती."

"कोणाच्या भविष्यातली?"

"आदेश आहे. तुम्ही तुमची वेळ सांभाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळेत तो त्या चेंबरपाशी गेला. त्याच्याकडे एक लांब सळई असायची. एक टोक पाइपावर किंवा जमिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला. गळती असली की त्यातून सू सू आवाज येतो. झाकणाशेजारी सळई रोवून त्याने कान लावला आणि पाणी धावत होतं. चांगलं भरधाव धावत होतं.

तो तसाच माझ्या शेडमध्ये आला. "अजून पाया खणला नाही आणि पाणी सुरू केलंय. बांधकामाला आपलं पाणी चाललंय."

"खात्री आहे?"

"कानाने ऐकलंय."

मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय खरं. तो हसला नाही.

त्यात भर म्हणजे टेकडीवरची वरची गल्ली. तिथे चार वर्षांपासून पाणी कमी दाबाने यायचं. शेवटच्या घरात एक इस्त्रीवाली मावशी राहते. तिने दर आठवड्याला तक्रार करायची आणि याने दर आठवड्याला सांगायचं की तुमच्यातलंच कोणीतरी नळाला मोटार लावून ओढतंय. एकदा तर याने तिच्याच घरात शिरून मोरी तपासली होती, मोटार लपवलीय का म्हणून. आता तो म्हणू लागला की गल्लीचं पाणी कंपनी पळवते. मी विचारलं, "चार वर्षांपूर्वी कंपनी होती का?" त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संशय एकदा ठरला की त्याला तारीख विचारलेली आवडत नाही.

प्रकल्पाची जनसुनावणी टेकडीच्या पायथ्याशी शाळेच्या सभागृहात होती, सकाळी साडेनऊला. सरकारने नेमलेल्या समितीच्या अध्यक्ष एक बाई होत्या. बारीक चणीच्या, मोठं मनगटी घड्याळ घातलेल्या, कमी बोलणाऱ्या. खात्याच्या माणसाने अशा ठिकाणी बोलायचं नाही असा नियम. शंकासुर उभा राहिला आणि म्हणाला, "मी नागरिक म्हणून बोलतोय. या कंपनीने चोरून पाणी घ्यायला सुरुवात केलीय."

सभागृहात खळबळ उडाली. व्यासपीठाच्या कडेला लॅपटॉप घेऊन त्याची लेक बसली होती, कंपनीचे तक्ते पडद्यावर दाखवायला. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. गुळगुळीत मात्र शांत. तो म्हणाला, "चेंबर इथून तीन मिनिटांवर आहे. चला, सगळेच बघू."

अध्यक्षबाई उठल्या, त्यांच्यामागे शे-दीडशे माणसं. साहेबांनी कुलूप काढलं. झाकण उचललं. आत मुख्य लाइनला जोडलेला छोटा फाटा आणि त्याच्या टोकावर जाड लोखंडी तबकडी, आठ बोल्टांनी आवळलेली. तळाला कोरडी माती. तबकडीवर एका कोळ्याने निवांत जाळं विणलेलं.

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. एकजण ओरडला, "काका, कोळ्याने प्यायलं असेल!"

मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. एकतीस वर्षांत त्याची अशी शोभा झालेली मी पाहिली नव्हती. पण तो हलेना. त्याने हातातली सळई पाइपावर टेकवली, कान लावला आणि मला म्हणाला, "तू ऐक." मी ऐकलं. आवाज होता. मग साहेबांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा बदलला, कारण ते कसेही असले तरी पाण्याचा आवाज त्यांनाही कळतो.

दुसऱ्या दिवशी खोदाई झाली. चेंबरपासून सात पावलांवर आमच्याच जुन्या पाइपाला भेग सापडली. पाणी वर येत नव्हतं, कारण खालून काच कारखान्याचं जुनं दगडी गटार जात होतं; सगळं त्यात पडून सरळ ओढ्याला मिळत होतं. कधीपासून? पाइपावर चढलेला गंज बघून साहेब म्हणाले, तीन-चार वर्षं तरी. म्हणजे कंपनी चोर नव्हती आणि वरची गल्लीही चोर नव्हती. ती लाइन याची होती. त्या तुकड्यात जोड नाही म्हणून तिथे सळई लावून बघायचं त्यालाच कधी सुचलं नव्हतं.

पाइपाचा खराब तुकडा कापून नवा बसवला. तिसऱ्या दिवशी वरच्या गल्लीत शेवटच्या नळाला बोटभर जाड धार आली. शंकासुर तिथे गेला आणि इस्त्रीवालीच्या दारात उभा राहिला.

"मावशी, चूक माझी होती."

तिने इस्त्री बाजूला ठेवली. "माझ्या मोरीत शिरला होतात तुम्ही."

"हो."

"चार वर्षं मी खालून हंडे आणले."

"हो."

"बसा," ती म्हणाली. "पण चहा देणार नाही."

तो बसला. अर्धा तास बसून आला. हे त्याने मला सांगितलं तेव्हा डोळे पुसले, आणि मी बघितलं नाही असं दाखवलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पंधरा दिवसांनी कंपनीने त्याचा सत्कार ठरवला. माहिती केंद्रात फुलांचा गुच्छ, चौकटीतलं मानपत्र, त्यावर 'जलरक्षक' असं सोनेरी अक्षरात. भरसभेत चोर म्हणणाऱ्या माणसाला गुळगुळीतने मिठी मारली. फोटो निघाले. लेक आनंदाने टाळ्या वाजवत होती; तिला वाटलं, झालं गेलं मिटलं.

घरी येताना तो मानपत्र काखेत धरून चालत होता. मग म्हणाला, "जो माझ्यावर चिडायला हवा, तो मला फुलं का देतो?"

"अरे, माणूस चांगला असेल."

"एवढा?"

मी वैतागलो. म्हटलं, एकदा तोंडावर आपटलास, आता पुरे. वहिनीनेही तेच सांगितलं. पण तो माणूस फुलाच्या पाकळ्या मोजणाऱ्यातला. उत्तर आठवड्याभराने त्याच्या घरी आपणहून चालत आलं. लेकीने कंपनीचं नवं माहितीपत्रक आणलं, कारण आत वडिलांचा फोटो होता. फोटोखाली चार ओळी होत्या. त्या त्याने मोठ्याने वाचल्या. गळती बंद झाल्यामुळे गावाचं रोजचं बारा लाख लिटर पाणी वाचलं असून, हे वाचलेलं पाणी प्रकल्पाच्या थंडाव्यासाठी राखून ठेवण्याचा प्रस्ताव आहे. पिण्याच्या पाण्याला कोणताही धक्का लागणार नाही.

"बारा लाख?" तो म्हणाला.

"चांगलंच आहे ना बाबा. तुमच्यामुळे वाचलं."

"बारा लाख लिटर रोज त्या ओढ्यात पडत असतं तर ओढ्यात होड्या चालल्या असत्या."

"तुम्हाला कसं माहीत किती पडत होतं? इंजिनियरांनी हिशेब केलाय."

"कोणत्या इंजिनियरांनी?"

मग जे व्हायचं ते झालं. ती म्हणाली, तुम्हाला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही. तो म्हणाला, माझा फोटो लावून पाणी पळवताहेत आणि पत्रक तू वाटतेस. ती म्हणाली, आधीही तुम्हाला शंभर टक्के खात्री होती, आठवतंय का? कोळ्याचं जाळं निघालं. एवढं बोलून तीच रडायला लागली. वहिनी दोघांच्या मधे उभी राहिली आणि मला म्हणाली, "भावजी, तुम्ही आता घरी जा." मी गेलो.

प्रस्तावासोबतचे कागद आमच्याच कार्यालयात लोकांना बघायला ठेवले होते. म्हणजे नियमाप्रमाणे ठेवले होते. प्रत्यक्षात कारकून तीन दिवस "उद्या या" म्हणत राहिला. चौथ्या दिवशी शंकासुर खुर्ची घेऊन त्याच्या टेबलासमोर जाऊन बसला, जेवणाचा डबा घेऊन. दुपारी कागद मिळाले. त्यात गळतीचा हिशेब एका पानावर होता, खाली साहेबांची सही. भेग केवढी, पाणी किती वेगाने जात होतं, असं काय काय. पण दिवसाचे तास कुठे लिहिलेच नव्हते. फक्त शेवटचा आकडा.

तो माझ्याकडे आला. "भेगेची लांबी बघ. एवढी होती का?"

मला आठवत नव्हतं. खड्ड्यात चिखल होता. "तुकडा बघायला हवा."

कापलेला तुकडा ठेकेदाराने भंगारात दिला होता. आम्ही दोघं भंगारवाल्याकडे गेलो. त्याच्या आवारात लोखंडाचे ढीग, आणि तो स्वतः एका मोडक्या डेंटिस्टच्या खुर्चीत बसलेला. "पाणी खात्याचा पाइप? तीन फुटी? त्या कोपऱ्यात बघा. परवा गाडी भरणार होतो." आम्ही तासभर उकरलं. सापडला. भेग माझ्या अंगठ्याएवढी, फार तर थोडी जास्त. कागदावर ती वीतभर होती. लबाडी की उतावीळपणा, देव जाणे. पण चूक नेमकी कंपनीला हवी त्या बाजूला झाली होती.

आमच्या शेडमध्ये मीटर तपासायची पाच हजार लिटरची टाकी आहे आणि पंपाला दाब दाखवणारं घड्याळ. तुकड्याची दोन्ही टोकं रबर आणि लोखंडी तबकड्यांनी आवळून बंद केली, एका टोकाला पंपाची नळी जोडली, तुकडा टाकीत ठेवला. पंप सुरू करून दाब मुख्य लाइनीइतका ठेवला. भेगेतून पाणी सुटलं. टाकी भरायला वीस मिनिटं लागली. आम्ही परत केलं. परत वीस. तिसऱ्यांदा मी कंटाळलो, पण शंकासुर कुठला ऐकायला. वीस मिनिटं आणि काही सेकंद.

"म्हणजे तासाला तीन टाक्या," मी म्हटलं. "दिवसाच्या बहात्तर. तीन लाख साठ हजार लिटर. बारा लाख नाहीत, पण कमीही नाहीत."

तो माझ्याकडे असं बघू लागला जणू मीही कंपनीचाच. "दिवसाच्या? ती लाइन किती तास चालते?"

मी कपाळावर हात मारला. पहाटे साडेपाचला तोच वॉल्व उघडतो आणि साडेदहाला तोच बंद करतो. पाच तास. बाकी वेळ पाइप रिकामा. रिकाम्या पाइपातून काय गळणार? पाच तासांच्या पंधरा टाक्या. बारा लाख व्हायला दोनशे चाळीस लागतात.

प्रस्तावावर शेवटची सुनावणी त्याच सभागृहात झाली. या वेळी याच्या पहिल्या वाक्यालाच लोक खुसखुसले. मागून कोणीतरी कोळ्याचं नाव काढलं. त्याने थांबून त्या दिशेला मान डोलावली. "बरोबर आहे. त्या दिवशी माझं चुकलं. कंपनी पाणी चोरत नव्हती, आणि वरच्या गल्लीवर मी चार वर्षं खोटा आळ घेतला. ते सांगूनच पुढे बोलतो." मग तो अध्यक्षबाईंकडे वळला. "मला एकच विचारायचंय. हा हिशेब दिवसाचे किती तास धरून केला?"

साहेबांनी कागद चाळले. गुळगुळीत म्हणाला, "हे तपशील आम्ही लेखी कळवू."

अध्यक्षबाईंनी व्यासपीठाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसलेल्या लेकीकडे बघितलं. "मूळ तक्ता त्या लॅपटॉपवर आहे ना? तुम्ही बघून सांगा."

लेकीने गुळगुळीतकडे पाहिलं. त्याने अगदी थोडी मान हलवली, नाही म्हणून. मला ते पहिल्या रांगेतून दिसलं, म्हणजे तिलाही दिसलं असणारच. तिने पडद्याकडे बघितलं, दोन-तीन वेळा कळा दाबल्या आणि सरळ आवाजात म्हणाली, "चोवीस तास."

"आणि लाइन किती तास चालते?" बाईंनी साहेबांना विचारलं.

साहेबांना उत्तर द्यावंच लागलं. "पाच."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आमच्या शेडमध्ये आल्या. मी खुर्ची पुसून दिली, त्या बसल्या नाहीत. टाकीच्या काठाशी उभ्या राहून मनगटावरच्या घड्याळात बघत राहिल्या. वीस मिनिटं फक्त पाण्याचा आवाज. टाकी भरल्यावर गुळगुळीत म्हणाला, "आकड्यात फरक पडेल, मान्य. पण पाणी वाचलं हे तर खरं? जेवढं वाचलं तेवढं तरी आम्हाला मिळायला हरकत नसावी."

"वाचलं ना," शंकासुर म्हणाला. "पंधरा टाक्या. त्या वरच्या गल्लीने कधीच पिऊन टाकल्या. जाऊन त्यांच्या पोटातून काढा."

बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. पण त्या लगेच वहीत लिहू लागल्या.

निकाल दीड महिन्याने आला. बारा लाख लिटरांचा प्रस्ताव रद्द. चारऐवजी दोन शेडना परवानगी, त्याही शुद्ध केलेल्या सांडपाण्यावरच. बाकी दोन शेडचा विचार सांडपाण्याचे चारही पंप वर्षभर चालल्याचं दाखवल्यावर. फाट्यावर मीटर बसवायचा, आणि तो रस्त्यावरून कोणालाही वाचता येईल असा. गावात कोणी पेढे वाटले नाहीत की मिरवणूक काढली नाही. अर्ध्या गावाला काम हवं होतं. दोन शेड गेल्या म्हणजे दोन शेडमधली कामं गेली, असं म्हणणारेही बरेच होते, आणि त्यातले काही शंकासुराला रस्त्यात ओळख देईनासे झाले. त्याला खात्याची नोटीस आली, परवानगीशिवाय बोलल्याबद्दल. उरलेले पाच महिने त्याच्याकडून चावी काढून घेतली आणि भांडारात पाइपांची नोंद ठेवायला बसवलं. तिथेही त्याने पहिल्याच आठवड्यात दोन पाइप कमी निघाले म्हणून गोंधळ घातला. ते दुसऱ्या शेडमध्ये सापडले.

लेकीला माहिती केंद्रातून काढलं नाही, पण समोरच्या टेबलावरून उचलून मागच्या खोलीत फोन घ्यायला बसवलं. तो एकदा माझ्यादेखत तिला म्हणाला, "माझ्यासाठी तुला त्रास झाला."

"तुमच्यासाठी नाही बोलले मी," ती म्हणाली. "विचारलं, म्हणून सांगितलं. नसतं विचारलं तर नसतं सांगितलं, हेही लक्षात ठेवा." तिच्यावर संशय घ्यावा की अभिमान बाळगावा हे त्याला ठरवता येत नसावं. त्यानंतर ती यंत्रांच्या देखभालीचं शिक्षण घेऊन शेडमध्येच कामाला लागली. बाप-लेक आता चांगले बोलतात. पाण्याबद्दल सोडून.

दोन शेड उभ्या राहून वर्ष झालं. वाऱ्याची दिशा बदलली की त्यांची घरघर टेकडीवर ऐकू येते. अलीकडे कंपनीने गावकऱ्यांची देखरेख समिती काढली आणि त्यात पहिली जागा दिली याच्याच घराला. गुळगुळीत स्वतः पत्र घेऊन आला. शंकासुर पत्र तीनदा वाचून म्हणाला, "मला का? आत बसवून गप्प करायचंय का?" आठ दिवस घरात तोच विषय. नववा दिवस उजाडला तेव्हा वहिनीने पत्र त्याच्या हातातून घेतलं.

"तुम्हाला जायचं नाही ना? मग मी जाते. त्यांना घरातलं एक माणूस हवंय, कोणतं ते लिहिलेलं नाही."

गुळगुळीतला नाही म्हणता आलं नाही. पहिल्या बैठकीच्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन बसलो. शंकासुर खिडकी आणि दार यांच्यामधे येरझाऱ्या घालत होता. वहिनी दोन तासांनी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली.

"काय म्हणाले?"

"गोड बोलले."

"कागद दिले?"

"नाही."

"बघ! मी सांगत होतो—"

"मी मागितलेत," वहिनी म्हणाली. "लेखी. आणि पोच घेतलीय." तिने पर्समधून घडी केलेला कागद काढून त्याच्या हातात दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली. त्याने चष्मा लावला, कागद उलगडला, आणि खालची सही खरी आहे का ते उजेडात धरून बघू लागला.